डोळे मिटून पाहिलेलं देऊळ

१९९६ सालच्या श्रावणातला एक रविवार, संध्याकाळी साडेपाचचा सुमार. रक्कम एकशे एक रुपये, कथेचं मानधन म्हणून तोंडी कबूल केलेली. जागा धारवाडातलं आमचं घर. हजर माणसं चार: इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक, माझी थोरली बहीण, माझी बायको आणि मी.

संपादक शाळेतून निवृत्त झालेले होते, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. बहिणीला मी अक्का म्हणतो. ती लग्न होऊन उणकलला गेली ती तिथलीच झाली. वयाच्या पन्नाशीत तिनं आयुष्यातली पहिली कथा लिहिली होती. कथेतली बाई रोज संध्याकाळी गावातल्या जुन्या दगडी देवळात जाते. नवऱ्याची बदली कलघटगीला होते आणि तिला ते देऊळ सोडावं लागतं. एवढीच कथा.

मास्तरांनी चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "कथा चांगली आहे, अक्का. पण देऊळ दिसत नाही. ही बाई शेवटी रडते. कशासाठी रडते ते वाचकाला कळायला नको? नुसतं 'सुंदर देऊळ' लिहून भागत नाही. गणेश चौथीच्या आत ते देऊळ मला दाखवा, कथा छापतो."

"आणि नाही दिसलं तर?" अक्कानं विचारलं.

"तर ती पानं लोणच्याच्या जाहिरातीला जातील."

अक्का हसली, पण मला तिची अडचण ठाऊक होती. कथा स्वीकारली जायच्या आधीच तिनं ती छापून येणार असं घरी सांगून टाकलं होतं. तिची धाकटी जाऊ शेजारच्याच घरात राहायची. जिभेला धार, मनानं वाईट नाही. ती म्हणाली होती, "अक्का, छापून आली तर पाच अंक मी पैसे देऊन घेते आणि माहेरी वाटते. पण नाही आली, तर वर्षभर प्रत्येक हळदीकुंकवाला 'ह्या आमच्या लेखिका' म्हणून तुमची ओळख करून देणार बघा." आणि ती ते केल्याशिवाय राहिली नसती.

मी पेशानं हिशेबनीस. कामाला कच्चा माल लागतो एवढं मला कळतं, तेव्हा शब्द जमवायचं काम मी अंगावर घेतलं. घरात आलेल्या लग्नपत्रिका, जीर्णोद्धाराची पत्रकं, यात्रेच्या जाहिराती, कॅलेंडरच्या पाठीमागचा मजकूर, सगळं चाळलं. भव्य, दिव्य, नयनरम्य, नेत्रदीपक, अप्रतिम, अलौकिक. अक्कानं ते सगळे शब्द देवळाला चढवले. बायको वाचून म्हणाली, "वन्सं, ह्या देवळाला दागिने इतके झालेत की दार कुठं आहे ते कळेना."

मास्तरांना कथा नेऊन दिली. त्यांनी उभ्या उभ्या वाचली आणि मला विचारलं, "हिशेबनीस, तुम्ही सुभाष रोडवरून आलात ना? कोपऱ्यावरच्या दुकानात काय फलक लागलाय?"

"साड्यांचा भव्य सेल."

"बघा की. साड्याही भव्य, देऊळही भव्य. मग त्या बाईनं देवळासाठी कशाला रडावं? दोन साड्या घ्याव्यात आणि गप कलघटगीला जावं."

मला ते लागलं. शब्द फसवे असतात, आकडे नसतात, असं मी मनाशी ठरवलं. पुढच्या सुट्टीला मोजपट्टी घेऊन उणकलला, अक्का रोज जाते त्या देवळात गेलो. खांब मोजले, दाराची उंची घेतली, ओट्याची लांबी-रुंदी घेतली. ओट्यावर एका बाईनं सांडगे वाळत घातले होते. तिला वाटलं मी सरकारी माणूस. तिनं घाईघाईनं सांडगे उचलले. "नम्मनी अल्लि ऐतरि, इल्लि अल्ल," असं काहीतरी सांगू लागली, म्हणजे आमचं घर तिकडं आहे, इथं नाही. मी तिला कन्नडमधून समजावलं की हे सगळं कथेसाठी चाललंय. त्यावर तिचा अजिबात विश्वास बसला नाही.

ती मापं कथेत घातली. मास्तरांनी ह्या खेपेला बसून वाचलं. "उत्तम," ते म्हणाले. "हे डागडुजीच्या खात्याला पाठवा. मंजुरी नक्की येईल. कथेला मात्र येणार नाही."

चौथ जवळ आली होती. अक्काचा चेहरा उतरला. जावेनं हळदीकुंकवाच्या वाट्या घासायला काढल्या आहेत, असं तिनंच मला सांगितलं. हसत सांगितलं, पण सांगून झाल्यावर पदराला हात पुसत राहिली. मी म्हटलं, "चल, आपण दोघं मिळून देवळात जाऊ. तू मला दाखव."

गेलो. सोमवार होता, पण दुपार कलली होती आणि गर्दी ओसरली होती. अक्का दारात आली तशी खाली मान घालून आत शिरली. गाभाऱ्यासमोर उभी राहिली, हात जोडले, डोळे मिटले. मी वाट पाहिली. ती काही डोळे उघडेना.

"अक्का, वर बघ की. छत बघ."

"देवासमोर उभं राहून छत बघू?" डोळे मिटूनच ती म्हणाली. "पाहुण्याकडे जायचं आणि त्याचा पंखा बघत बसायचं, तसं होईल ते."

"मग खांब बघ."

"हात जोडलेत ना मी."

"अगं, मग इतकी वर्षं इथं येऊन तू बघितलंस तरी काय?"

आता तिनं डोळे उघडले. "काहीच नाही की रे," ती म्हणाली. "आले, डोळे मिटले, पाया पडले, घरी गेले. स्वयंपाक राहिलेला असायचा."

आम्ही दोघंही इतकं हसलो की पुजाऱ्यानं गाभाऱ्यातून डोकं बाहेर काढलं. जिला देवळाचं वर्णन जमत नव्हतं, तिनं देऊळ पाहिलंच नव्हतं. त्यात तिचा दोष तरी काय? आपल्याकडे दर्शन म्हणतात त्याला आणि ऐन दर्शनाच्या वेळी सगळे डोळे मिटतात. मीही मिटतो.

पण मग मला एक गोष्ट आठवली. "दारातून येताना मान कशी खाली घातलीस? न बघता?"

"वरचा दगड लागतो ना. नवी नवरी होते तेव्हा एकदा लागला, तेव्हापासून मान आपोआप खाली जाते." मग ती स्वतःहूनच बोलायला लागली. उंबऱ्याला एक खळगा आहे, त्यात टाच बरोबर बसते. आरतीची वाट बघताना ती नेहमी एकाच खांबाला टेकते. वैशाखातही तो पाठीला गार लागतो. त्याच्या मागच्या अंगाला टवका उडालाय, तिथं बोट जातं. घंटा वाजली की खांबाला लावलेल्या तळव्यात ती थोडा वेळ राहते. बाहेरचं ऊन आत येत नाही, तेलाचा वास बाहेर जात नाही. ती एकेक सांगत गेली आणि मी मोजपट्टी खिशातच ठेवली.

"आता डोळे उघडे ठेवून त्या खांबाकडे बघ," मी म्हटलं.

ती खांबाजवळ गेली. वाकली. तळाशी कोरलेला एक ठेंगणा, ढेरपोट्या गण होता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तोंडभर हसणारा.

"अय्या!" अक्का म्हणाली. "हा मेला इतकी वर्षं माझ्या पायाशी बसून हसतोय आणि मला पत्ता नाही!"

त्याच आठवड्यात तिनं कथा पुन्हा लिहिली. कथेतली बाई रोज देवळात येते ती डोळे मिटून. टाच, पाठ, तळवा आणि नाक यांनीच तिला देऊळ ठाऊक आहे. गाव सोडायच्या दिवशी ती पहिल्यांदा डोळे उघडे ठेवते आणि खांबाच्या तळाशी बसलेला तो हसरा गण तिला दिसतो. ती रडत नाही, उलट त्याच्याकडे बघून हसते आणि घरी जाऊन सामान बांधते. भव्य नाही, दिव्य नाही. विशेषणं म्हणाल तर गार, काळा, बुटका अशी घरगुती.

मास्तरांनी आमच्या घरी बसून वाचलं. पेन्सिल उचलली ती एकाच जागी थांबली. "हे काय, 'नुण्णग खांब'? कन्नड शब्द आहे."

"हो," अक्का म्हणाली.

"गुळगुळीत म्हणा."

"गुळगुळीत फरशी असते, मास्तर. पाय घसरतो."

"तुळतुळीत?"

"ते टक्कल."

मास्तरांनी नकळत डोक्यावरून हात फिरवला. माझी बायको घाईघाईनं आत निघून गेली.

"हात फिरवला की अडत नाही, फिरवतच राहावंसं वाटतं, ते नुण्णग," अक्का म्हणाली. "आणि देऊळही कन्नडच आहे की."

मास्तरांनी पेन्सिल कानावर ठेवली. "राहू दे. इथल्या वाचकाला कळेल. पुण्याच्या वाचकानं उणकलला येऊन हात फिरवून बघावा."

कथा छापून आली. मुद्रणाच्या चुका दोन, दोन्ही किरकोळ. मंडळाच्या कार्यक्रमात मास्तरांनी अक्काला पाकिटातून एकशे एक रुपये दिले. तिनं पाकीट तसंच देवळात नेलं, एक रुपया पेटीत टाकला, तोही डोळे उघडे ठेवून टाकला असं मला मुद्दाम सांगितलं, आणि शंभर स्वतःकडे ठेवले. पुढच्या कथेच्या कागदाला लागतील म्हणाली.

जावेनं कथा आधी उभ्यानं वाचली, मग बसून वाचली. संध्याकाळी ती एकटीच देवळात जाऊन आली. कुठं गेली होतीस विचारलं तर म्हणाली, "त्या बुटक्याला बघायला." मग ती अक्काला घेऊन बसनं धारवाडला आली आणि मलाही साक्षीदार म्हणून बरोबर घेतलं. अंकाची किंमत वीस रुपये. पुस्तकांच्या दुकानात तिनं कमिशन मागितलं. दुकानदार म्हणाला, दिवाळी अंकावर नाही. "लेखिका आमच्या घरातली आहे हो," ती म्हणाली. तरीही नाही. शेवटी पाच अंकांचे शंभर रुपये तिनं रोख मोजून सुभाष रोडवरच्या त्या दुकानदाराला दिले.