साडूभाऊंची सहावारी

सबंध कळंब तालुक्यात साडी कशी नेसावी हे खऱ्या अर्थाने कळणारा एकच माणूस आहे. तो पुरुष आहे, आणि तो माझा साडू आहे. यातल्या पहिल्या गोष्टीबद्दल तालुक्यातल्या बायकांचं एकमत आहे. दुसरीबद्दल निदान परवापरवापर्यंत कुणी शंका घेतली नव्हती. तिसरीचा मला अभिमान आहे असं मी चारचौघांत सांगत आलोय. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, तिचे हे यजमान. उंची सहा फुटांना दोन बोटं कमी, खांदे रुंद, पाय नऊ नंबरचे, आणि कळंबच्या पेठेत एका कापडदुकानाच्या गादीवर तीस वर्षं उभे. बसलेले मी त्यांना फारसे पाहिलेच नाहीत, कारण साडी बसून दाखवता येत नाही. गिऱ्हाईक समोर टेकलं की ते घडी मोडतात, पँटवरच एक वेढा कमरेला घेतात, चार बोटांत सात निऱ्या घालून खोचतात, पदर खांद्यावर टाकतात आणि मान किंचित कलती करून म्हणतात, "बघा." एवढंच. कापडाची स्तुती ते कधी करत नाहीत. इतर दुकानांतले लोकही अंगावर घेऊन दाखवतात, पण ते दाखवतात. आमचे साडूभाऊ नेसतात.

याचा धंद्याला जितका फायदा झाला तितकाच त्रासही झाला. लग्नाचा बस्ता बांधायला आलेली मंडळी शालू साडूभाऊंच्या अंगावर बघत आणि हरखून घेऊन जात. एकदा शेजारच्या वाशी तालुक्यातली एक बाई चार दिवसांनी शालू परत घेऊन आली. शालूला डाग नव्हता, विरलेला नव्हता, काठही जागच्या जागी होते. "मग तक्रार काय?" मालकांनी विचारलं. "तुमच्या ह्या भाऊंच्या अंगावर बघून घेतला वो," बाई रडकुंडीला येऊन म्हणाली, "आमच्या पोरीवर त्याला रयाच न्हाय." मालकांनी शालू बदलून दिला, पण या वेळी नवरीलाच गादीवर उभं केलं आणि साडूभाऊंना तासभर रुमालाच्या कपाटाकडे पाठवलं. तिथे ते इतके उदास दिसत होते की दोन गिऱ्हाइकं रुमाल न घेताच गेली.

घरी ते नेसत असत हे अक्काला लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कळलं. माहेरहून ती एक दिवस आधी परतली, तेव्हा तिची इरकल नेसून साडूभाऊ तांदूळ निवडत बसले होते. हे तिने मला फार नंतर सांगितलं, आणि तेही डाळीला फोडणी देता देता. "पयल्यांदा लई रडले, दाजी. मग नीट बघितलं, तर निऱ्या माझ्याहून चांगल्या. मग आनखी रडले." पुढे दोघांचं ठरून गेलं. घराचं दार लावलेलं असलं की इरकल कुणीही नेसावी, मात्र जो नेसेल त्यानं ती धुवावी. तीस वर्षं हा करार चालला. घरातल्या भांडणांत हा विषय एकदाही निघाला नाही असं अक्का म्हणते, आणि त्या दोघांच्या भांडणांत आजवर काय काय निघालंय ते मला माहीत असल्यामुळे मला ही मोठीच गोष्ट वाटते.

मला हे कळलं ते गेल्या हिवाळ्यात. साडूभाऊ एका दुपारी घरी आले, पाणी प्यायले, पुन्हा पाणी प्यायले आणि म्हणाले, "पाव्हणं, एक सांगायचं व्हतं." मला वाटलं, शुगर निघाली. "मला एकदा नेसून भाईर जायचंय." मी विचारलं, "कोणत्या दुकानात?" ते म्हणाले, "दुकानात न्हाय वो. रस्त्यावर. तीस वर्सं लोकांला दाखवाय नेसली. एकदा नुसती नेसून जायचंय." मी शाळेत कारकून असल्यामुळे कोणताही अर्ज आला की आधी त्यात त्रुटी शोधतो. लोक बघतील, म्हणालो. त्यावर त्यांनी मला सगळी योजना समजावून सांगितली, आणि तिचा गाभा हा होता की कुणीही बघता कामा नये. जगात माणसं नटतात ती लोकांनी बघावं म्हणून. आमच्या साडूभाऊंना नटायचं होतं ते कुणी ढुंकूनही बघू नये म्हणून. बाजारातून घरी निघालेली एक बाई, जिच्याकडे बघण्यासारखं काही नाही, एवढंच त्यांना एकदा व्हायचं होतं.

ही नजरेत न भरणारी साडी निवडायला त्यांना दोन महिने लागले. सगळ्या दुकानातल्या साड्यांत एक ना एक गुण निघे आणि ती बाद होई. शेवटी मातकट रंगाची, बारीक बुट्ट्यांची, तीन वर्षं कुणी हात न लावलेली एक सहावारी सापडली. ठिकाण येरमाळा ठरलं, कारण कळंबमध्ये त्यांना प्रत्येक बाई ओळखते आणि येरमाळ्याला देवीमुळे बायकांची ये-जा कायम असते. वार बुधवार, कारण मंगळवारी-शुक्रवारी तिथे फार गर्दी. हातात कापडी पिशवी, आणि पिशवीतून कोथिंबिरीची जुडी बाहेर दिसलीच पाहिजे. "कोथमीर दिसली की लोक बाईकडं बघत न्हायत," ते म्हणाले. हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे, पण नंतर बाजारात मी लक्ष ठेवून पाहिलं आणि त्यात तथ्य आहे.

सगळ्यात मोठं प्रकरण झालं मिशीचं. ती आठ दिवस आधी उतरवली, म्हणजे चेहऱ्याला सवय होईल. पण आपल्याकडे पन्नाशीच्या गृहस्थाने एकाएकी मिशी उतरवली की त्याचा अर्थ एकच होतो. संध्याकाळपर्यंत पेठेत बातमी पसरली की साडूभाऊंचे वडील गेले. मालकांनी सुट्टी दिली. दोन शेजारी तर गाडी काढून थेट गावी भेटायला पोचले. तिथे म्हातारबा ओसरीवर दाढी करत बसले होते. त्यांनी दोघांना बसवलं, चहा पाजला, त्यांचे पडलेले चेहरे बराच वेळ पाहिले आणि अखेर हळूच विचारलं, "आमच्यातलं कोन गेलंय, ते मला बी सांगा की." साडूभाऊंना मग उन्हाळ्याचं घामोळं, ब्लेडचा हात चुकणं अशी नाना कारणं सांगावी लागली. हिवाळ्यात घामोळं कसं, असं फक्त मालकांनी विचारलं.

तर तो बुधवार. आमच्या शेतातल्या पत्र्याच्या खोलीत अक्काने त्यांना तयार केलं. म्हणजे नेसले ते स्वतःच, तिने फक्त डोक्यावरचा पदर पिनांनी बसवला. बायकांच्या चपलेत नऊ नंबर मिळाला नव्हता, म्हणून पायांत त्यांच्याच काळ्या चपला. अक्का दोन पावलं मागे सरली, बघितलं आणि म्हणाली, "हुबं ऱ्हाताना जरा वाकून ऱ्हावा, लई उंच दिसता." मग माझ्याकडे वळून, "दाजी, संगं चाला बरं का ह्यांच्या." मी मान हलवली. मोटरसायकलवर साडूभाऊ एका बाजूला पाय सोडून बसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि दुसऱ्या हाताने पिशवीतली कोथिंबीर आणखी थोडी वर ओढून घेतली.

येरमाळ्यात गाडी लावली आणि ते पुढे निघाले. चाल उत्तम होती. मी मात्र, चपलेचा अंगठा ठीक करायच्या निमित्ताने, दहा पावलं मागे राहिलो. भाजीवाल्यापाशी ते थांबले. तेवढ्यात एक म्हातारी आली, त्यांच्याकडे खालून वरपर्यंत पाहिलं, आणि मला वाटलं आता ही ओरडणार. ती खाली वाकली आणि तिने साडूभाऊंच्या पायांवर डोकं ठेवलं. "आई, सुनंची कूस उजवू दे," ती म्हणाली, आणि उठताना विचारलं, "परडी न्हाय आनली व्हय?" आमच्याकडे देवीला वाहिलेले आराधी असतात, त्यांच्यात लुगडं नेसणारे पुरुषही असतात, त्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ आणि हातात जोगव्याची परडी असते. साडूभाऊंची माळ आणि परडी घरी विसरली असावी, इतपतच म्हातारीची शंका होती. "आजी, म्या तसला न्हाय वो," साडूभाऊ कळवळून म्हणाले. पण देवीची माणसं असं म्हणतातच, त्यामुळे म्हातारीची खात्री पटली. तिचं पाहून आणखी एक बाई वाकली, मग एक जोडपं. हॉटेलवाल्याने बाकडं पुसून दिलं आणि चहाचे पैसे घ्यायचं नाकारलं.

मी तर सुटकेचा निःश्वास टाकला. हसायचं कुणी नाव काढत नव्हतं, उलट हात जोडत होते! आता मी त्यांच्या शेजारीही जाऊन बसलो. "साडूभाऊ, झकास जमलं की," मी पुटपुटलो. त्यांचे डोळे भरले होते. "काय झकास? म्या घरनं बाई म्हनून निघालोय, पाव्हणं. देव म्हनून न्हाय." चहा तसाच ठेवून ते उठले. दोन महिने खपून शोधलेल्या त्या मातकट साडीचा, त्या कोथिंबिरीचा काही उपयोग झाला नव्हता; साऱ्या बाजाराने त्यांच्याकडे बघितलं होतं.

आणि तेव्हाच माझ्या शाळेतून बदलून वाशीला गेलेले मुख्याध्यापक समोर उभे राहिले. "अरे वा, तुम्ही इकडं कुठं? आणि ह्या कोण?" त्यांनी साडूभाऊंकडे पाहिलं. साडूभाऊही माझ्याकडे पाहत होते. त्या दिवशी सबंध येरमाळ्यात त्यांना फक्त माझ्याकडूनच काही ऐकायचं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी शाळेतला माणूस, मला लेकीचं लग्न करायचंय, मुख्याध्यापकांचं तोंड मोठं. हे सगळं एका क्षणात डोक्यात येऊन गेलं आणि मी म्हणालो, "देवीचं माणूस आहे, सर. दर्शनाला आणलंय." मुख्याध्यापकांनी लगबगीने चपला काढल्या आणि वाकून नमस्कार केला. म्हातारीला ज्यांनी निक्षून नाही म्हटलं होतं, त्या साडूभाऊंनी आता हात वर केला, आणि माझं खोटं उघडं पडू नये म्हणून त्या वाकलेल्या डोक्यावर ठेवून म्हणाले, "सुखी ऱ्हावा." मग मला म्हणाले, "चला." मला आजही तो हात आठवला की चारचौघांत बसवत नाही.

आम्ही परतीला निघालो. अर्ध्या वाटेवर मागून एक मोटरसायकलवाला जोरात आला, आमच्या बरोबरीला येताच ओरडला, "ओ बाई! पदर घ्या की वर, चाकात चाललाय!" आणि मान न वळवता, भरधाव पुढे निघून गेला. रोज कुणी ना कुणी कुठल्या ना कुठल्या बाईला ओरडून सांगतो, तसंच. मी गाडी थांबवली. साडूभाऊंनी पदराचं टोक ओढून मांडीवर घेतलं, त्याला लागलेलं वंगण पाहिलं आणि हसायला लागले. "दचकले की वो म्या," ते म्हणाले. "केवढ्यानं वरडला! बघितलं बी न्हाय माझ्याकडं." दचकलो नव्हे, दचकले, असं म्हणाले ते. मग कितीतरी वेळ रस्त्याच्या कडेला उभे राहून ते हसत होते आणि पदराने डोळे पुसत होते. मी पुढे गेलेल्या गाडीच्या धुरळ्याकडे बघत होतो. त्या माणसाचा मला हेवा वाटला. त्याला काहीच विचार करावा लागला नव्हता.

आता मिशी परत आली आहे. ती सुट्टीच्या आधी जाते आणि नंतर येते, आणि पेठेला घामोळ्याची सवय झाली आहे. साडूभाऊ अक्काबरोबर येडशीला जाऊन आले, धाराशिवला जाऊन आले. तिथे बसमध्ये एका बाईने त्यांना "सरका की जरा" म्हणून ढोसलं, ते त्यांनी मला तीनदा सांगितलं. माझ्यावर ते रागावलेले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मला माफी तरी मागता आली असती. परवा मीच विचारलं, "साडूभाऊ, पुढच्या खेपेला मी येऊ का?" ते एका साडीची घडी घालत होते. "या की," ते म्हणाले. "पर कुनी इचारलं, तर काय सांगताल?" त्यांनी टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं. मी म्हटलं, उद्या सांगतो. उत्तर काही अवघड नाही. हे माझे साडू, एवढंच तर आहे. न्हाणीघरात दार लावून, नळ सोडून, मी ते दोन-तीनदा म्हणून पाहिलंय.