रामजीसाठी मोटार बघताना

फिटरच्या दुकानात दोन गोष्टी टाकून देववत नाहीत, जुने नट-बोल्ट आणि जुने किस्से. दोन्ही कोनाड्यात साठतच जातात. आज रामजीच्या वेळचे तेवढे काढतो.

तेव्हा महाडात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्या पारखणारा मी एकटाच. निदान मी तरी तसं समजायचो!

रामजी पोलादपूरच्या वरच्या वाडीतला. मुंबईत एका शेठची मोटार चालवायचा. आता त्याला गावातच राहून, स्वतःची जुनी मोटार घेऊन महाड-पोलादपूर पॅसेंजर मारायचे होते. त्यासाठी घरची बैलजोडी विकावी लागणार होती. मोटार खोटी निघाली तर बैलही गेले आणि रामजी परत मुंबईला! बायकोनं बजावलंच होतं, "आता म्हमईला गेलात तर मी पन माहेरी चालले."

म्हणून बैलांचा मालक, रामजीचा बाप भिकूबाबा, प्रत्येक गाडी बघायला आमच्याबरोबर.

* * *

पहिलीच गाडी. भिकूबाबानं तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि बैलाला मारतात तशी पाठीवर सणसणीत थाप दिली. मागचा दिवा गळून खाली पडला!

गाडीमालक खवळला. बाबा शांतपणे रामजीला म्हणाला, "चल रे. दात पडलेत. म्हातारी हाय."

* * *

ज्याला त्याला विचारावं, "आधी कोणाची होती?" की उत्तर ठरलेलं. "डॉक्टरांची! फक्त पेशंट बघायला जायची हो."

त्या एका उन्हाळ्यात मी डॉक्टरांच्या नऊ गाड्या बघितल्या. महाडात डॉक्टर होते दोन!

* * *

सवच्या रस्त्याला एक गाडी होती. नाकासमोरचं हँडल अर्धं फिरवलं की इंजिन सुरू. रामजी खूश. मी बॉनेटवर हात ठेवला तर चटका बसला.

"उन्हात उभी होती ना," मालक म्हणाला.

गाडी फणसाच्या दाट सावलीत! मी म्हटलं, "असू दे. आम्ही जरा सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर आंघोळ करून येतो."

आलो तोवर बॉनेट गार. रामजीनं हँडल मारलं, मी मारलं, मालकानं मारलं. रामजीच्या तळहाताला फोड आले, पण गाडी हूं की चूं करेना.

भिकूबाबा टॉवेल पिळत म्हणाला, "शेट, आमच्यासंगं हिला पन कुंडात न्ह्यायला हवी व्हती."

* * *

पुढची गाडी तर एवढी गुपचूप चाले की मलाच भूल पडली. गिअर बदलले तरी आवाज नाही! मी तारीफ करत होतो आणि भिकूबाबा खाली वाकून काहीतरी बघत होता.

"फिटर, मोटार ग्वाड असती का रे?"

खाली मुंग्यांची रांग लागलेली! झिजलेल्या गिअरचा खडखडाट दाबायला त्या पठ्ठ्यानं आत भुसा आणि पिकली केळी कोंबली होती. झाकण उघडलं, तर आत नुसतं शिकरण!

माझी मात्र अब्रू गेली.

* * *

शेवटी पोलादपुरात निळ्या रंगाची मोटार मिळाली. बॉनेट थंड होतं. हँडल एकदाच मारलं, लगेच सुरू. खाली वाकून बघितलं, एक मुंगी नाही. मालक शपथेवर सांगत होता, "कालच मुंबईहून आणली. आंबेनळीचा घाट तिनं बघितलेलासुद्धा नाही."

मी रामजीला म्हटलं, "डोळे मिटून घे!"

तिकडे वाडीत व्यापारी बैलांची दावी सोडायला येऊन बसला होता. भिकूबाबा तेवढा अडून. "येकदा घाट चढू दे."

"कशाला उगाच पेट्रोल जाळायचं?" मालक कुरकुरला, पण निघाला.

पहिली दोन वळणं काय झोकात घेतली! रामजीचा चेहरा फुलला. "बाबा, आता तरी व्हय म्हना!" बाबानं मान हलवायला सुरुवात केली होती. मीही मिशीला पीळ भरला.

तिसऱ्या वळणाआधी मालकानं हॉर्न दिला. तसा वरच्या झोपडीतून एक म्हातारी लगबगीनं उतरली, डोक्यावर पाण्याची कळशी, काखेत धोंडा. ती थेट रस्त्यात उभी राहिली म्हणून मालकाला ब्रेक मारावा लागला. इंजिन मजेत चालू होतं.

म्हातारीनं कळशी बॉनेटपुढे ठेवली, मागच्या चाकाला धोंडा लावला, आणि पदरानं घाम पुसत मालकाला म्हणाली,

"आज लवकर आलास रे! रंग लावलास, ब्येस दिसतो. ढकलायला नेहमीचे चौघं बोलवू, का आज ही तिघं हायत?"