सासूबाईंच्या जिभेतल्या सुया

माझ्या सासूबाई जव्हारच्या बाजारात आमच्या धान्याच्या दुकानावर बसत. खोडाळ्याहून नागली घेऊन येणारी माणसं माझ्या सासऱ्यांशी बोलायला जात आणि सासूबाईंशी बोलून परत येत. सासऱ्यांना तोंड उघडायची वेळच येत नसे.

त्यांच्या जिभेच्या कडेला फोड आला. त्यांनी त्यावर मशेरी चोळली, हळद माखली, पण तो बरा होईना. जव्हार संस्थानच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाहिला आणि हसरा चेहरा एकदम गंभीर केला. "कॅन्सर आहे. मुंबईला न्या. तिथे रेडियमच्या सुया टोचतात."

"कुठे टोचतात?" सासूबाईंनी विचारलं.

"जिभेत."

आयुष्यात पहिल्यांदाच त्या गप्प बसलेल्या मी पाहिल्या.

मोटारीने घाट उतरून, पुढे आगगाडीने आम्ही मुंबईला गेलो. तिथल्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी भूल देऊन जिभेत बारीक सुया खोवल्या. प्रत्येक सुईला रेशमाचा दोरा, आणि सगळ्या दोऱ्यांची टोकं गालावर चिकटवलेली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी आरसा मागितला. त्यात पाहिलं, आणि माझ्याकडेच रागाने बघितलं, जणू मीच शिवलं होतं. बोलायची सक्त मनाई. रेडियमचे किरण बाधतात म्हणून आम्हीही खाटेजवळ फार वेळ बसायचं नाही.

सासरे दाराशी स्टूल घेऊन बसले आणि अचानक बोलायला लागले. पावसाचं बोलले, दुकानाचं बोलले, त्यांच्या लग्नात वरण करपलं होतं तेही बोलले. सासूबाई डोळे वटारून ऐकत होत्या. "ऐकते आहेस ना?" ते मधूनच विचारत. उत्तर येणार नाही याची खात्री असल्याने फार खुशीत होते.

एका सकाळी डॉक्टर तपासून वळले आणि सिस्टर किंचाळली. एक दोरा कमी! रेडियमची सुई म्हणजे सोन्याहून मोलाची, शिवाय कुठे पडून राहिली तर घातकच. सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं. चादरी झटकल्या, थुंकायचं भांडं तपासलं, माझ्या पदराचीही झडती झाली. सासूबाई मात्र डॉक्टरांकडे बोट दाखवून हातवारे करत होत्या.

"बाई, माझ्यावर रागावू नका, सापडेल," डॉक्टर म्हणाले.

शेवटी सासूबाईंना राहवलं नाही. सुया, दोरे, मनाई, सगळं झुगारून त्या ओरडल्या, "ओताया! ओताया, एया!"

कोणालाच कळेना. मी मात्र इतकी वर्षं त्यांची बोलणी खाल्लेली. "कोटाला म्हणतायत," मी सांगितलं.

डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं. पांढऱ्या कोटाच्या मागच्या घडीत वळताना अडकलेला दोरा लटकत होता आणि त्याच्या टोकाला सुई. सिस्टरने ती चिमट्याने उचलून शिशाच्या डबीत टाकली, तेव्हा कुठे सगळ्यांनी श्वास सोडला.

"आणि पुढचा शब्द काय होता?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"तो तुम्हाला सांगण्यासारखा नाही."

डॉक्टर हसले. सासूबाईंना हसताही येईना, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

सुया निघाल्या. तोंडभर चट्टे उठले, महिनाभर नुसत्या पेजेवर राहावं लागलं, पण फोड गेला तो गेलाच. जीभ थोडी एका बाजूला ओढली गेली. तिखट मात्र मुळीच सोसेना. म्हणून मग घरात मिरचीच बंद झाली, आणि सासरे ठेच्यासाठी शेजाऱ्यांकडे जेवायला जाऊ लागले.