डाग पुसणारा संघपाल

चांदूर बाजारात संघपालच्या फोटो स्टुडिओतून आजवर कोणी कुरूप होऊन बाहेर पडलेलं नाही. मुरुम, व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं तो कॉम्प्युटरवर पुसून टाकी. तालुक्यातली निम्मी लग्नं आपल्यामुळे जमली, असं तो छाती फुगवून सांगे. त्यातली मोडली किती तेही सांगा, असं बायको दामिनी म्हणे.

अशा माणसाला रश्मी वकिलांनी गाठलं. एका कंपनीचं तणनाशक फवारून सतरा शेतमजुरांची कातडी सोलून निघाली होती. आमच्या औषधाने काही होत नाही, असं कंपनीचं म्हणणं. अकोल्याला चौकशी समितीपुढे सुनावणी होती. मजुरांचे उपचार आणि भरपाई आता फोटोंवर अवलंबून होती.

संघपालने गावात जाऊन जीव ओतून फोटो काढले. म्हाताऱ्या सुंदराबाईचे फोडांनी भरलेले गाल पाहून त्याचे डोळे भरून आले. पण कॉम्प्युटरपुढे बसल्यावर बोटं सवयीने चालली, आणि रश्मीच्या टेबलावर सतरा तुळतुळीत चेहरे हजर झाले.

"काका," रश्मीने विचारलं, "हे लोक फवारनीवरून आले का वरातीतून?"

संघपालला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नशीब, मूळ फोटो शाबूत होते. ते त्याने तसेच छापले, आणि बोटांचा भरवसा नाही म्हणून दामिनीला पहाऱ्याला बसवलं. पुसलेले फोटो मात्र सुंदराबाईने हट्टाने सगळ्यांसाठी मागितले होते, म्हणून तेही सुनावणीच्या दिवशी वाटायला संघपालच्या पिशवीत होते.

कंपनीच्या साहेबाने फोटो पाहून नाक मुरडलं. हे डाग कॉम्प्युटरवर लावलेले आहेत, तो म्हणाला. अध्यक्षांनी संघपालला उभं केलं. आपण चुकलो तर सतराजणांचं वाटोळं, एवढंच डोक्यात होतं. मग त्याने पुसलेले फोटो काढून खऱ्यांशेजारी मांडले.

"साहेब, तीस वर्सं झाले, मी डाग पुसून राहिलो. लावाचा कसा, हे मले कोनी शिकवलंच नाई. चांदूर बाजारात कोनालेबी इचारा."

अध्यक्षांसकट सगळे हसले. मूळ सतरा फोटो पुरावा म्हणून दाखल झाले.

बाहेर आल्यावर सुंदराबाईने आपला पुसलेला फोटो मागून घेतला आणि बराच वेळ पाहिला.

"भाऊ, फवारनीच्या आधी मी अशीच होती," ती खुशीत म्हणाली.