मीटरताईंचं मैदान

नकाशा विभागात त्यांना सगळे मीटरताई म्हणायचे, आणि पाठीमागे नाही हं, अगदी तोंडावर! सव्वीस वर्षं काम एकच. सर्वेक्षणाचा नकाशा इंजिनिअर लोकांच्या कॅड या आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशा फाइलीत काढून द्यायचा. काढताना पडद्यावर प्रश्न येतो, एकक कोणतं? तिथे मीटर निवडायचं. ते राहिलं तर फाइलीत नुसते आकडे जातात आणि समोरचा आपल्या मनाने वाट्टेल ते धरतो. म्हणून ताईंनी नियमच घातला होता. बटण दाबण्याआधी मोठ्याने विचारायचं, "मीटर?" शेजाऱ्याने उठून पडदा बघायचा आणि म्हणायचं, "मीटर!"

शेजारच्या टेबलावरचे भाऊ म्हणजे विसरभोळेपणाचा कळस. दोनदा विसरले होते बिचारे, आणि दोन्ही वेळा ताईंनी त्यांची बिनपाण्याने केली होती.

एका संध्याकाळी नात धुसफुसत घरी आली. तिच्या शाळेच्या मैदानाला कुंपण घालायचं चाललं होतं.

"आजी, पळायला लागलं की मैदान संपतंच! आज खुंट्या ठोकल्या, उद्या दुपारी खांब पक्के करणार. उरलेल्या जागेत म्हणे गाड्या लावणार."

"कोणत्या गाढवाने मोजलंय ते?" ताई कडाडल्या. "उद्या बघतेच त्याच्याकडे!"

सकाळी ऑफिसात पर्स ठेवायच्या आधी त्यांनी कुंपणाच्या इंजिनिअरला फोन लावला, तोही स्पीकरवर, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून.

"बाई, तुमच्याच ऑफिसच्या फाइलीवरून आखलंय," तो म्हणाला. "साठ बाय नव्वद. एकक दिलेलंच नव्हतं, मी फूट धरले."

दारात उभ्या साहेबांनी ते ऐकलं आणि थेट भाऊंकडे पाहिलं. "तिसऱ्यांदा! आता मात्र तुमची रवानगी गोदामात."

भाऊ उभे राहिले, चष्मा पुसू लागले. "मला आठवत नाही साहेब, पण माझंच चुकलं असणार."

तोवर ताईंनी फाइल उघडली होती. बनवणाऱ्याच्या जागी त्यांचंच नाव! मग आठवलं. फाइल काढली त्या दुपारी सगळे जेवायला गेलेले, विचारायला कोणी नव्हतं. आणि असतं तरी त्यांनी थोडंच विचारलं असतं? नियम बाकीच्यांसाठी. मीटरताईंचं कोण तपासणार!

गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. भाऊंनी न केलेली चूक पदरात घेतलीच होती. ताईंना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"साहेब, भाऊंचा काही संबंध नाही," त्या म्हणाल्या. "फाइल माझी आहे. काल घरी ज्या गाढवाला शिव्या दिल्या ना, ते मीच."

फोन अजून चालूच होता.

"अहो, खांब थांबवा!" ताई फोनमध्ये ओरडल्या. "मीटर आहेत ते! आत्ता नवी फाइल पाठवते."

त्यांनी नकाशा पुन्हा काढायला घेतला, एकक निवडलं, बोट बटणावर नेलं आणि तिथेच धरलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मान वळवून विचारलं, "भाऊ... मीटर?"

भाऊ उठून आले. चष्मा लावून त्यांनी पडदा निवांत वाचला, अगदी वरपासून खालपर्यंत.

"मीटर," ते म्हणाले. "पण थांबा ताई, परत एकदा बघतो."

आणि ताई थांबल्या.