कोयत्याच्या दांड्याचं नाव

"यादी वाच. मोठ्यानं वाच, ऐकू येईना."

फोनवर नवरा होता आणि फोन स्पीकरवर होता. यांच्या फोनवर आलेला ओटीपी ऐकत ऐकत माझ्या फोनवर टाकायचा असला की दुसरा इलाज नसतो. मी गेवराईतल्या ठोक कापड दुकानात उभी होते. समोर दुकानदार, शेजारी दोन गिऱ्हाईकं, मागे गठ्ठे उचलणारे दोघं.

मी वाचलं. पांढरं शर्टिंग चाळीस मीटर. निळं पँटचं कापड तीस. अस्तर. बटणं. चेन. इलास्टिक.

"आन खाली साडेतीनशेचं काय हाय?"

"माझं आहे."

"माझं म्हंजे काय? त्याला नाव हाय का न्हाई?"

"परकर," मी म्हणाले. "आणि आतले कपडे."

दुकानदार चांगला माणूस. तो मान खाली घालून मीटरपट्टी पुसू लागला. मागचे दोघं हसले. फोनच्या पलीकडूनही हसू आलं. हे शाळेत लिपिक आहेत, ऑफिसात अजून तिघं बसतात. हे त्यांना म्हणाले, "बघा, आमच्या सरकारला पण मंजुरी लागती." मग मला सहा आकडे सांगितले.

मी आकडे टाकले. पावती घेतली. मी कुठल्याही कामाची यादी करते आणि काम झालं की ओळीपुढं टिक करते. त्या दिवशी शेवटच्या ओळीपुढं टिक करायला हात उठला नाही.

पैसे माझे होते. माझ्या शिवणाचे. पुढच्या महिन्यात कार्डाचं बिल मीच भरणार होते. मंजुरी मात्र यांची.

हे कसं झालं ते क्रमानं सांगते.

लग्नाच्या बाराव्या वर्षी यांनी मोटारसायकल घेतली. कर्ज माझ्या नावावर काढलं, कारण शोरूमवाला म्हणाला बाईच्या नावावर व्याज कमी पडतं. गाडी हे चालवणार, हप्ते हे भरणार, असं ठरलं. सात हप्ते भरले. मग गाडीतून आवाज येतो म्हणून यांचं शोरूमवाल्याशी भांडण झालं आणि आठवा हप्ता यांनी रागानं भरलाच नाही. नववाही नाही. वसुलीवाल्यांचे फोन मला. एकदा मी दळणाच्या रांगेत असताना फोनवरच्या पोरानं मला विचारलं, "लाज वाटत नाही का?" मी गाडीवर मागं बसण्यापलीकडं त्या गाडीला हात लावला नव्हता.

शेवटी थोडे पैसे कमी करून तडजोड झाली. हे खूश. "वाकवला का न्हाई?" म्हणाले. माझ्या रेकॉर्डवर मात्र 'तडजोड' हा शब्द बसला. बँकेत तो शब्द शिवीसारखा असतो. मला ते कळलं शिलाई मशीनसाठी कर्ज मागायला गेले तेव्हा. नाही म्हणाले. दुसऱ्या बँकेत गेले. तिथंही नाही.

तेव्हा यांनीच उपाय काढला. ओळखीच्या एका एजंटानं सांगितलं होतं म्हणे. "माझ्या कार्डावर तुझं बी नाव चढवतो. दोघांचं एक खातं. तू वापर, तू येळेवर भर. माझ्याबरोबर तुझा बी स्कोअर वर येतोय बघ."

मी दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचून घेणारी बाई आहे. शाळेच्या गणवेशाची मापं मी तीन वेळा तपासते. पण कार्ड आलं, त्यावर माझं नाव उठून दिसत होतं, आणि मी त्या नावावरून बोट फिरवलं. सोबतचा कागद वाचला नाही. चूक माझी. लिहून ठेवते.

मग वही केली. पहिल्या रकान्यात बिल आल्याची तारीख, दुसऱ्यात शेवटची तारीख, तिसऱ्यात मी भरल्याची. तीन वर्षं. एकदाही चार दिवस आधी भरण्याचं चुकलं नाही. त्या बिलात यांचं पेट्रोल असायचं, यांच्या गाडीचा टायर असायचा, नणंदेच्या वास्तुशांतीचा आहेर असायचा. भरायची मी. का, तर माझं नाव धुऊन निघतंय. मी काहीही घेतलं की मेसेज यांच्या फोनवर. "ह्ये कावून घेतलंस?" हा प्रश्न संध्याकाळी, जेवताना, यांच्या भावांसमोर.

सोसलं. तीन वर्षांचं काम आहे, संपेल, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं.

यंदा दोन शाळांचे गणवेश मला मिळत होते. जूनच्या आत सातशे जोड. माझ्याकडं दोन मशीन होत्या, अजून दोन मोटारीच्या लागणार होत्या आणि दोन बायका कामाला. बायका ठरवल्या. मशीनचं कोटेशन आणलं. मुख्याध्यापक मार्चअखेरपर्यंत हो की नाही सांगा म्हणाले. मी फाइल केली, कागदांना चिठ्ठ्या लावल्या, वर यादी, आणि बँकेत गेले.

साहेब तिशीचा असेल. इस्त्रीचा शर्ट. त्यानं फाइल उघडलीसुद्धा नाही. कॉम्प्युटरवर बघितलं आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"बाई, तुमच्या नावावर एक मोटारसायकल आहे. तडजोड. त्यानंतर काहीच नाही."

"त्यानंतर तीन वर्षं कार्ड आहे."

"ते तुमच्या मिस्टरांचं खातं. त्यांचा स्कोअर एकदम कडक झालाय. तुमचा होता तिथंच."

"पण भरलं मी."

"कुणी भरलं ते आम्ही बघत नाही. खातं कुणाचं, ते बघतो. तुम्ही फक्त वापरणाऱ्या. जोडकार्ड असतं ते."

मी वही पुढं सरकवली. छत्तीस ओळी. त्यानं पहिलं पान बघितलं, एका बोटानं वही माझ्याकडं परत ढकलली.

"अक्षर छान आहे," तो म्हणाला.

रांगेत कुणीतरी खिक् केलं.

"असं करा, तुमच्या साहेबांना घेऊन या. त्यांच्या नावावर उद्या करून देतो. काय फरक पडतो, घरातलंच आहे."

मी फाइल पिशवीत घातली. घरी जायची गाडी लागली होती. मी तिच्यात बसले नाही. उमापूरच्या गाडीत बसले. माझं माहेर तिथं.

माय ओसरीवर ज्वारी निवडत होती. मी सगळं सांगितलं. खातं, स्कोअर, जोडकार्ड. मला वाटलं होतं त्यापेक्षा तिला लवकर समजलं. सूप खाली ठेवून म्हणाली, "म्हंजे तू बी कोयत्यातच गेलीस की."

माझे आईबाप वीस हंगाम ऊसतोडीला गेले. आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. बाप ऊस तोडायचा. माय पाचट काढून मोळ्या बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढवायची. दसऱ्याच्या आधी मुकादम गावात यायचा आणि हंगामाची उचल वाटायचा. आगाऊ पैसे. तो वहीत नाव लिहायचा, बाप अंगठा द्यायचा.

मी चौथीत होते. नुकतंच भराभर वाचता येऊ लागलं होतं, म्हणून दिसेल ते वाचायचे. मुकादमाच्या वहीत वाकून बघितलं. बापाचं नाव होतं.

"मायचं नाव कुठंय?"

मुकादमानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "कोयता लिव्हलाय की. दांड्याचं नाव येगळं लिव्हतेत का बे कुणी?"

बसलेले सगळे हसले. बापही हसला. मी मायकडं बघितलं, तिनं पदर पुढं ओढला होता.

त्याच हंगामात माय तापानं फणफणली, पाचटाच्या कोपीतून, म्हणजे आमच्या झोपडीतून, उठू शकली नाही. मुकादमानं बापाला बघून हाक दिली, "आज अर्धा कोयता!" म्हणजे ती नसली की ती निम्मी मोजली जायची. असली की तिचं नावच नाही. नऊ वर्षांची होते, तरी हे गणित चुकतंय एवढं मला कळलं होतं. मोठी झाले, शिकले, रकाने आखायला लागले, आणि विसरले.

माय म्हणाली, "आमचा अंगठा. आमाला वाचता यीना, म्हणून फसलो, आसं तरी म्हणता येतंय. तुला तर वाचता येत हुतं. मंग तू कावून दांडा झालीस?"

तिनं उत्तराची वाट बघितली नाही. सूप उचललं.

घरी आले तर हे खुशीत. बँकेचा फोन येऊन गेला होता. साहेबानंच केलेला. मशीनचं कर्ज देतो म्हणाला, वर चारचाकीचंही विचारलं. "तुझ्या शिस्तीचं फळ हाय," हे म्हणाले. "उद्या सही करतो. मशीन माझ्या नावावर, चालव तू. जूनची आर्डर हातची सोडू नकं."

मोह झाला. खोटं कशाला बोलू? दोन मशीन डोळ्यांसमोर दिसत होत्या. ठरवलेल्या दोन बायका दिसत होत्या. एका सहीचं काम होतं.

"नको," मी म्हणाले.

"नको म्हंजे?"

"मशीन माझ्या नावावर होतील तेव्हा येतील. आणि या कार्डावरून माझं नाव काढा."

"यडी का काय तू? मी काय परका हाय का?"

मी कार्ड बंद करायला बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिकडून बाई गोड आवाजात म्हणाली, मुख्य खातेदारानं सांगावं लागेल. म्हणजे नाव चढवायला हे आणि उतरवायलाही हेच. मी अर्ज लिहून यांच्यापुढं ठेवला. यांनी सही केली नाही. "चांगलं चाललंय की. कावून मोडायचं?"

मी कार्ड यांच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यावर वही ठेवली.

"बिल अठरा तारखेला येतं. पाच तारखेच्या आत भरायचं असतं. तीन वर्षांत तुम्ही एकदाही विचारलं नाही, म्हणून सांगते."

हे वहीकडं बघत बसले. भाजी निवली.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी दोन्ही शाळांना नाही म्हणून सांगितलं. दोन्ही बायकांच्या घरी जाऊन सांगितलं. एकीनं पोरीच्या फीचा हिशेब त्या कामावर केला होता. तिनं दार लावून घेतलं. ते माझ्या खात्यावर आहे, पुसणार नाही. मग मी दोनपैकी एक मशीन विकली. त्या पैशांची मुदत ठेव केली, माझ्या एकटीच्या नावावर. ठेवीवर कार्ड मिळतं, लहान मर्यादेचं, पण खातं आपलं. आता सगळे कागद आधी वाचले होते. शेवटच्या ओळीपर्यंत.

बँकेत तोच साहेब. फॉर्म भरताना त्यानं पेन थांबवलं.

"मोबाइल मिस्टरांचा?"

"माझा."

"बाई, एवढ्याशा कार्डानं नाव सुधारायला वर्ष-दीड वर्ष जाईल. तोपर्यंत कर्ज कुणी देणार नाही."

"माहीत आहे."

"आणि इथं जोडकार्डाचा रकाना आहे. मिस्टरांचं नाव टाकू ना?"

मी फॉर्म माझ्याकडं ओढला. त्या रकान्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली. पट्टी लावून. खाली सही केली, पूर्ण नावानं, आणि फॉर्म एका बोटानं त्याच्याकडं परत ढकलला.