खडू विसरलो तो समारंभ

मी नांदेडच्या शाळेत संगीत शिकवायचो आणि ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचो. लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा समारंभाला आम्हाला बोलावलं. दुष्काळ होता. कोरड्या हवेत व्हायोलिनच्या लाकडी खुंट्या आकसतात आणि तारा उतरतात. माझा इलाज म्हणजे खिशातला शाळेचा खडू. खुंटीला घासला की ती घट्ट बसते. त्या दिवशी मिरवायला नवा शर्ट घातला आणि खडू जुन्याच्या खिशात राहिला. स्वागतगीतातच तार उतरली.

संयोजक तणतणत आले. "मास्तर, साहेबांसमोर बेसूर?"

मीही तापलो. "दुष्काळ हाय. लाकूड वाळलंय, मी काय करू?"

त्यांनी आधी माईक हातानं झाकला. मग म्हणाले, "आज तरी दुष्काळाचं नाव काढू नका."